नाशिक परिसरात गिनी कोंबड्या पाळताना: पहिल्या दिवसापासून पहिल्या अंड्यापर्यंत

गिरणारे बाजूला आमचा मळा आहे. द्राक्षबाग, थोडा टोमॅटो, दोन गाई आणि लहानपणापासून पाहिलेल्या देशी कोंबड्या. त्या कोंबड्यांच्या भरवशावर मी सहा मोठे गिनी पक्षी घेऊन आले. चौथ्या दिवशी सकाळी खुराड्याचं दार उघडलं. पक्षी आधी छपरावर, तिथून शेजारच्या चिंचेवर गेले आणि त्या रात्री खाली आलेच नाहीत. आठवडा संपायच्या आत त्यातला एकही उरला नव्हता. पुढच्या वर्षी आणलेल्या पंधरा पिल्लांपैकी नऊ ओल्या गवतात फिरून गारठली आणि गेली. आज मळ्यावर चौदा पक्षी आहेत, संध्याकाळी स्वतःहून घरी येतात, आणि हे जमायला तीन वर्षं लागली. तुमची ती वर्षं वाचावीत म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करा. हा पक्षी मूळचा आफ्रिकेच्या कोरड्या माळरानांवरचा. थव्याने फिरायचं, रात्री झाडावर बसायचं आणि धोका दिसला की सगळ्यांनी मिळून ओरडायचं, ही त्याची रीत. माणसाळला तरी ही रीत सुटलेली नाही. पुढच्या प्रत्येक पायरीचं कारण याच तीन सवयींत सापडेल.

१. आधी आवाज ऐका, मग ठरवा

गिनी आणण्याआधी ज्यांच्याकडे त्या आहेत अशा कोणाच्या तरी घरी एक पूर्ण सकाळ बसा. व्हिडिओवरून अंदाज येत नाही. अनोळखी माणूस, कुत्रा, साप, मोठी घार, वाऱ्याने उडालेली प्लॅस्टिकची पिशवी, काहीही नवीन दिसलं की सगळा थवा एका दमात कर्कश ओरडतो आणि ते पाच-पाच मिनिटं चालतं. मळ्यावर आम्हाला हीच राखण वाटते. रात्री वाटेने कोणी आलं की कुत्र्याच्या आधी गिनींना कळतं. पण भिंतीला भिंत लागून असलेल्या घरात हाच आवाज भांडणाला कारण होईल.

म्हणून माझं स्पष्ट मत सांगते. इंदिरानगर, गंगापूर रोड, सिडको अशा दाट वस्तीत, रो-हाऊसच्या मागच्या अंगणात किंवा गच्चीवर गिनी पाळू नका. मखमलाबाद, आडगाव, गिरणारे, दिंडोरी, सिन्नर या बाजूंना मळ्यात घर असेल आणि शेजारचं घर हाकेच्या अंतरापलीकडे असेल, तर विचार करा. तरीही शेजाऱ्यांना आधी जाऊन सांगा. आमच्या बांधाला लागून राहणाऱ्या काकांना मी सांगितलं नव्हतं. त्यांच्या घरी आजारी माणूस होतं, आणि दुपारच्या ओरड्याने ते हैराण झाले. मी आधी बोलले असते तर खुराडं पहिल्यापासूनच मळ्याच्या दुसऱ्या टोकाला बांधलं असतं. नंतर ते हलवावं लागलंच.

२. काय आणायचं, किती आणि कधी

एक-दोन पक्षी कधीही आणू नका. एकटी गिनी दिवसभर साद घालत राहते आणि शेवटी निघून जाते. निदान सहा हवेत. पिल्लं आणणार असाल तर दहा-बारा आणा, कारण त्यातली काही जाणार हे धरून चालावं लागतं.

मोठे पक्षी स्वस्त मिळाले तरी नवख्याने ते घेऊ नयेत. मोठ्या पक्ष्याच्या डोक्यात त्याचं जुनं घर पक्कं बसलेलं असतं. पिल्लं सांभाळायला अवघड, पण ती तुमचं घर हेच आपलं घर समजतात.

आपल्याकडे तीन रंग दिसतात. बरेलीजवळच्या इज्जतनगर इथल्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने विकसित केलेल्या वाणांची नावं फार सुंदर आहेत: राखाडीवर पांढरे ठिपके असलेली कादंबरी, फिकट जांभळट झाक असलेली चितांबरी आणि पांढरी श्वेतांबरी. नवख्याने ठिपक्यांची घ्यावी. गवतात ती सहज लपते. पांढरी मात्र घारीला दुरूनच दिसते.

वेळ महत्त्वाची आहे. गिनी हंगामी अंडी देते, साधारण मार्चपासून पावसाळा सरेपर्यंत. त्यामुळे पिल्लं एप्रिलपासून मिळू लागतात. आपल्या हवेसाठी आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आसपासची पिल्लं सर्वांत चांगली. जूनच्या पावसापर्यंत ती दीड महिन्याची होतात, आणि निफाड-दिंडोरीकडची डिसेंबरची थंडी पडते तोवर पूर्ण वाढलेली असतात. जुलै-ऑगस्टमधली पिल्लं स्वस्त मिळाली तरी मोह आवरा. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात तर त्यांचा निभाव लागणं फार कठीण आहे.

फसगत इथे होते: काही विक्रेते गिनीलाच ‘तितर’ म्हणतात, आणि काही जण खरोखरचे रानातले तितर किंवा लावे लपवून विकतात. रानपक्षी वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहेत. ते विकत घेणं आणि पाळणं हा गुन्हा आहे. गिनी हा पाळीव पक्षी आहे, पण खरेदी ओळखीच्या हॅचरीतून किंवा पाळणाऱ्याकडूनच करा.

जवळ ठेवायचे कागद:
- खरेदीची पावती, त्यावर ‘गिनी फाउल’ असं स्पष्ट लिहिलेलं
- हॅचरीने लस दिली असेल तर तारखेसह नोंद
- सोसायटीच्या किंवा सामाईक जागेत राहत असाल तर लेखी संमती
- एक साधी वही: किती आणले, किती गेले, कशाने गेले, खाद्य किती लागलं

चौथी वस्तू टाळू नका. माझी नऊ पिल्लं ओलीनेच गेली हे मला वहीतल्या तारखा आणि पावसाचे दिवस शेजारी ठेवल्यावर कळलं. तोवर मी आजार समजून औषधं विचारत फिरत होते.

३. पक्ष्यांच्या आधी खुराडं

बारा पक्ष्यांना सहा बाय आठ फूट जागा पुरते. रात्रीपुरतं एवढं चालतं, पण आधीचे दोन महिने ते दिवसाही आत राहणार असल्यामुळे समोर तेवढीच जाळीची मोकळी जागा जोडा.

- जाळी अर्धा इंची वेल्डमेश घ्या. साध्या कोंबडीजाळीचे तार कुत्रा ओढून तोडतो आणि मुंगूस फटीतून शिरतं. जाळी जमिनीत फूटभर गाडा.
- बसायला दांड्या उंच लावा, चार फुटांच्या वर. खाली दांडी असली की गिनी तिच्याकडे बघत नाहीत आणि झाडच शोधतात. गोल, मनगटाएवढ्या जाडीची लाकडी दांडी चांगली.
- जमिनीवर भाताचं तूस टाका. इगतपुरी-त्र्यंबककडच्या भातगिरण्यांवर ते मिळतं. ओलं झालेलं तूस त्याच दिवशी काढा.
- आत एक झिरोचा बल्ब हवाच. गिनींना अंधारात नीट दिसत नाही, आणि काळोख्या खुराड्यात त्या पाय ठेवत नाहीत. दिवेलागणीला आत उजेड असला की त्या आत जातात. माझ्या पहिल्या खुराड्यात हा दिवा नव्हता.

४. पिल्लांचे पहिले सहा आठवडे

इथे सर्वांत जास्त लक्ष द्या. मोठी गिनी चिवट असते, पण तिचं पिल्लू देशी कोंबडीच्या पिल्लापेक्षा कितीतरी नाजूक असतं.

पत्र्याचा किंवा पुठ्ठ्याचा गोल चिक गार्ड, म्हणजे पिल्लांभोवतीचा आडोसा, करा आणि वर उबेसाठी बल्ब टांगा. कोपरे ठेवू नका, कोपऱ्यात पिल्लं एकमेकांवर चढून चिरडतात. पहिल्या आठवड्यात ऊब ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास हवी, पुढे दर आठवड्याला दोन-तीन अंशांनी कमी करत जा. थर्मामीटर नसला तरी पिल्लांकडे बघून कळतं. बल्बखाली गोळा होऊन चिवचिवत असतील तर थंडी वाजते आहे. कडेला जाऊन चोच उघडी ठेवली असेल तर बल्ब वर उचला. सगळीकडे विखरून दाणे टिपत असतील तर ठीक चाललं आहे.

मळ्यावर वीज हा वेगळा प्रश्न आहे. शेतीच्या लाइनवर ब्रूडर (पिल्लांना ऊब देणारा बल्ब) लावू नका, रात्री केव्हा जाईल याचा नेम नाही. सिंगल फेजवर लावा आणि जोडीला इन्व्हर्टर ठेवा. तोही नसेल तर गरम पाण्याच्या बाटल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायची तयारी असू द्या. एप्रिल-मेमध्ये दिवसा बल्ब लागत नाही, पण पहाटे तीन-चारला नाशिकची हवा उतरते. पिल्लं त्या वेळी जातात.

तीन बारीक गोष्टी, ज्या मला कोणी सांगितल्या नव्हत्या:

पाण्याच्या थाळीत खडे किंवा गोट्या टाका. ही पिल्लं दोन बोटं पाण्यातही बुडून मरतात.

खाली गुळगुळीत वर्तमानपत्र अंथरू नका. त्यावर पाय घसरतात, फाकतात आणि पिल्लू कायमचं अधू होतं. पहिले काही दिवस गोणपाट किंवा जुनं सुती कापड, मग तूस.

वरून जाळी झाका. दुसऱ्या आठवड्यातच पंख फुटतात आणि ती उडी मारून बाहेर पडतात.

खाद्यात प्रथिनं जास्त लागतात, २४ ते २६ टक्के. टर्की स्टार्टर, म्हणजे टर्कीच्या पिल्लांचं खाद्य, मिळालं तर उत्तम. नाही मिळालं तर ब्रॉयलर प्री-स्टार्टर (ब्रॉयलरच्या लहान पिल्लांचं खाद्य) द्या आणि रोज उकडलेलं अंडं बारीक कुस्करून त्यात मिसळा. औषध मिसळलेलं खाद्य पशुवैद्यकाला विचारूनच द्या.

खुडूक देशी कोंबडी असेल तर याहून सोपा मार्ग आहे. तिच्याखाली गिनीची अंडी ठेवा. कोंबडीची पिल्लं २१ दिवसांत निघतात, गिनीला २६ ते २८ दिवस लागतात, म्हणून बसायची सवय असलेली, शांत कोंबडी निवडा. ती पिल्लांना ऊब देते, दाणा दाखवते आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे संध्याकाळी खुराड्यात शिरायला शिकवते. गिनी मादी स्वतः आई म्हणून फार निष्काळजी असते. पहाटेच दवाने भिजलेल्या गवतातून पिल्लांना ओढत नेते आणि मागे राहिलेल्यांसाठी थांबत नाही. माझ्या आजच्या चौदांपैकी आठ एका लाल देशी कोंबडीने वाढवलेली आहेत. घरी परतायची वेळ ती आठ जण कधी चुकवत नाहीत, इतर त्यांच्या मागे येतात.

५. बाहेर सोडणं

इथे घाई केली की सगळं जातं, हे मी माझ्या सहा पक्ष्यांवरून सांगते आहे.

नवीन जागी आलेला पक्षी, पिल्लू असो की मोठा, निदान सहा ते आठ आठवडे खुराडं आणि जोडलेली जाळीची जागा यांतच ठेवा. या काळात तो तुमचं घर, तुमचा आवाज, दाण्याची वेळ आणि आजूबाजूची झाडं बघत असतो. रोज संध्याकाळी दाणा देताना एकच आवाज करा. मी पत्र्याच्या डब्यात बाजरी घालून तो वाजवते. दोन महिन्यांनी त्या डब्याचा आवाज आला की बागेच्या पलीकडच्या टोकाला असलेला थवाही पळत येतो.

मग असं करा:

पहिल्या दिवशी दोनच पक्षी सोडा, तेही संध्याकाळी, अंधार पडायच्या तासभर आधी आणि उपाशीपोटी. बाकीचे आत असले की बाहेरचे लांब जात नाहीत, जाळीला लागून घुटमळत राहतात. डबा वाजवा, आत बाजरी टाका, दिवा लावा. दोघं आत गेले की दार लावा.

दोन-तीन दिवसांनी चार सोडा. मग अर्धे. पूर्ण थवा सोडायला पंधरा दिवस घ्या. त्यानंतर हळूहळू वेळ वाढवत सकाळपासून सोडायला लागा.

संध्याकाळचा दाणा बाहेर कधीच देऊ नका. पोट भरलेली गिनी आत येत नाही, झाडावर जाते. एकदा झाडाची सवय लागली की मोडणं फार जड जातं.

उडणं कमी करायचं असेल तर एकाच पंखाची पुढची लांब पिसं कापा. दोन्ही पंख कापले तर तोल सावरून पक्षी तरीही उडतो. देठात रक्त दिसणारं कोवळं पीस कापू नका. पिसं झडून नवी आली की पुन्हा कापावी लागतात. मी आता कापत नाही, कारण कुत्रा मागे लागला तर उडणं हाच तिचा बचाव आहे.

पकडताना पाय धरू नका. गिनीचा पाय नाजूक असतो, एका झटक्यात निखळतो. रात्री त्या दांडीवर शांत बसलेल्या असताना दोन्ही हातांनी पंखांसकट अंग धरा, किंवा वरून ओढणी टाकून उचला.

आणि एक गोष्ट आपल्या भागासाठी मुद्दाम लिहिते. एखादी गिनी आली नाही म्हणून तिन्हीसांजेला एकट्याने उसाकडे किंवा ओहोळाकडे शोधायला जाऊ नका. दारणा-कादवा काठापासून गिरणाऱ्यापर्यंत बिबट्याचा वावर आहे. पक्षी राहिला तर राहू द्या, सकाळी बघा. मुलांना तर अजिबात पाठवू नका.

६. दाणापाणी

मोठ्या झाल्यावर फार खर्च नाही. दिवसभर किडे, गवताचं बी आणि कोवळी पानं खातात. संध्याकाळी बाजरी, मक्याचा भरडा, तांदळाची कणी पुरते. अंड्याच्या हंगामात लेअर मॅश (अंड्यांच्या कोंबड्यांचं खाद्य) आणि शिंपल्यांचा चुरा जोडीला द्या. उन्हाळ्यात पाणी दोनदा बदला.

७. बागेत काय फायदा होतो, काय होत नाही

नाकतोडे, वाळवी, भुंगेरे, अळ्या गिनी वेचून खातात. गोठ्याभोवतीच्या गवतातले गोचीडही टिपतात. गोठ्याचं आणि गाईंचं गोचीड-औषध त्यामुळे बंद करता येत नाही, पण अंगणातला त्रास कमी झाला हे आम्ही अनुभवलं. कोंबडी जशी पायांनी वाफे उकरते तसं गिनी फारसं करत नाही, हा तिचा मोठा गुण. मात्र धुळीत लोळायला तिला मोकळी माती लागते आणि त्यासाठी ती नवीन पेरलेला वाफाच निवडते. एका कोपऱ्यात कोरडी माती आणि राख टाकून द्या. रोपं लहान असताना भाजीपाल्याला जाळी लावा. मधमाश्याही ती खाते, पेट्या ठेवल्या असतील तर दूर ठेवा.

सापाबद्दल लोक फार वाढवून सांगतात. गिनी सापाला घेरते आणि गळा काढून ओरडते. लहान सापाला टोचतेही. त्या ओरडण्याने आम्ही दोनदा घोणस वेळेत पाहिली आणि मुलं बाजूला घेतली. पण नाग-घोणसांपासून गिनी तुमचं रक्षण करते असं समजून रात्री बॅटरीशिवाय बाहेर पडू नका. अंधारात तिला स्वतःलाच दिसत नाही.

द्राक्षवाल्यांनी हे नीट वाचा. फवारलेला किडा खाऊन गिनी मरते. ऑक्टोबर छाटणीनंतर भुरी-डावणीसाठी ब्लोअर सतत फिरत असतो, मधेच कीटकनाशकही असतं. त्या काळात पक्षी बागेत सोडूच नका. औषध कुठलं मारलं आणि लेबलवर काय लिहिलं आहे ते बघून दिवस मोजा. शेजारच्या बागेतही फवारणी असते, त्यांना फोन करून विचारा. मण्यात पाणी उतरलं की त्या मांडवावर चढून घडही टोचतात. आमच्याकडे छाटणीपासून काढणीपर्यंत गिनी गोठ्याच्या बाजूच्या कुंपणातच असतात, आणि एप्रिलच्या खरड छाटणीपर्यंत बाग त्यांना बंद. उंदरांसाठी विषारी गोळ्या ठेवत असाल तर गिनी पाळू नका, दोन्ही एकत्र जमत नाही.

८. शत्रू आणि आजार

भटकी कुत्री, मुंगूस, रानमांजर, घार आणि पिल्लांसाठी कावळेसुद्धा. दिवाळीच्या फटाक्यांनी थवा बिथरून अंधारात उडतो, म्हणून ते चार दिवस लवकर आत घ्या. संक्रांतीला पतंगाचा मांजा झाडांवर अडकतो, विशेषतः येवल्याच्या बाजूला. झाडांवरचा मांजा काढल्याशिवाय सोडू नका.

राणीखेत, म्हणजे आपल्याकडची मानमोडी, गिनीलाही होते. देशी कोंबड्यांबरोबर ठेवत असाल तर लसीचं वेळापत्रक जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून लिहून घ्या. दवाखाना लांब असेल तर १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर फिरत्या पथकाची चौकशी करता येते. एकाएकी दोन-तीन पक्षी मेले तर ते ओढ्यात किंवा उकिरड्यावर फेकू नका आणि खाऊ तर अजिबात नका, आधी दवाखान्याला कळवा. २००६ साली देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्याच नाशिक विभागातल्या नंदुरबार जिल्ह्यात, नवापूरला आढळला होता. नांदूरमध्यमेश्वरच्या पाणथळीजवळ राहणाऱ्यांनी हिवाळ्यात पाहुणे पक्षी उतरतात त्या पाण्यावर गिनी जाऊ देऊ नयेत.

९. नर-मादी ओळखणं आणि अंडी

दिसायला दोघं सारखेच. नराच्या गालाखालच्या लोळ्या जरा मोठ्या, बाहेर वळलेल्या असतात, पण खरी ओळख आवाजाची. दोन महिन्यांनंतर कान द्या. मादी दोन तुकड्यांत ओरडते, पहिला आखूड, दुसरा वर चढणारा. माझ्या सासूबाईंना तो ‘पळ-गं, पळ-गं’ असा ऐकू येतो, आणि आता मलाही तसाच येतो. नर एकाच तुकड्याचा ‘चि-चि-चि’ काढतो. मादी कधीकधी तसाही ओरडते, पण नर ‘पळ-गं’ कधीच म्हणत नाही. म्हणजे ज्याच्या तोंडून ते ऐकलं ती नक्की मादी. तिच्या पायात रंगीत कडी घाला. चार-पाच माद्यांना एक नर पुरतो.

एप्रिलच्या पिल्लांची पहिली अंडी पुढच्या मार्चच्या आसपास. तोवर धीर धरा. अंडं कोंबडीच्या अंड्यापेक्षा लहान, साधारण ४० ग्रॅमचं, एका टोकाला निमुळतं आणि कवच इतकं कठीण की कढईच्या काठावर नीट आपटावं लागतं. पिवळा बलक अंडाभर दाटलेला. सासूबाई त्याची पोळी मुद्दाम मुलांसाठी ठेवतात. एक चांगली मादी हंगामात शंभरच्या आसपास अंडी देते, पण ती तुम्हाला सापडली तर.

मोकळ्या सोडलेल्या गिनी गवतात, बांधाच्या आडोशाला एकच घरटं करतात आणि सगळ्या मिळून त्यात घालतात. आम्हाला एकदा पाचटाच्या ढिगामागे सव्वीस अंडी सापडली, निम्मी खराब झालेली. त्यावर उपाय दोन. बऱ्याचशा गिनी सकाळी उशिरा ते दुपारी अंडी घालतात, म्हणून हंगामात दुपारी एकपर्यंत त्यांना आतच ठेवा आणि कोपऱ्यात गवताचं आडोशाचं खोकं ठेवा. आणि बाहेर घरटं सापडलंच तर ते पूर्ण रिकामं करू नका. चार-पाच अंड्यांवर पेन्सिलने खूण करून ती तिथेच राहू द्या, रोज संध्याकाळी फक्त बिनखुणेची उचला. सगळी उचलली की त्या दुसऱ्या दिवशी जागा बदलतात, आणि नवी जागा शोधायला तुम्हाला पुन्हा आठवडा लागतो.